किल्ली कुठे आहे, हे ती सांगते आहे

मानसिक आजारांबद्दल लोकांशी बोलणारे डॉक्टर आणि कार्यकर्ते भयकथांवर चिडलेले असतात, आणि त्यांच्या चिडण्याला कारण आहे. आपल्याकडच्या भयपटांत आणि मालिकांत वेडी बाई म्हणजे पिंजारलेले केस, फिरलेले डोळे आणि माळ्यावरची कुलूपबंद खोली. मनोरुग्णालय म्हणजे मिणमिणत्या दिव्यांचा लांबलचक बोळ. ज्या घरात कुणी स्किझोफ्रेनियाची औषधं घेत असेल, त्या घराला हे बघताना काय वाटत असेल? म्हणून 'वेडाच्या गोष्टी आता पुरेत' अशी मागणी अधूनमधून कानावर येते. मला ती समजते, पण पटत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या गॉथिक, म्हणजे भय आणि गूढ यांवर उभ्या असलेल्या, लघुकथेनं वेडाला हात घातला तेव्हा तिनं एक गोष्ट दाखवली, जी त्या काळच्या वैद्यकाला दिसत नव्हती आणि कायद्याला नुकती कुठे दिसू लागली होती. माणसाचं बोलणं एकदा आजाराचं लक्षण ठरलं की तो कैदी झाला. गज आणि कुलपं नंतर येतात.

शार्लट पर्किन्स गिलमन यांची 'द यलो वॉलपेपर' ही कथा घ्या. अमेरिकेतल्या 'न्यू इंग्लंड मॅगझिन'च्या जानेवारी १८९२च्या अंकात ती छापून आली. नुकतीच बाळंत झालेली एक बाई. नवरा डॉक्टर, भाऊही डॉक्टर. हवापालट म्हणून तीन महिन्यांसाठी एक जुना वाडा भाड्यानं घेतलेला. तिला खालची खोली हवी असते, व्हरांड्याकडे उघडणारी, खिडकीभोवती गुलाब असलेली. नवरा तिला माडीवरची, पूर्वी मुलांची म्हणून वापरलेली खोली देतो. खिडक्यांना गज, भिंतींत कड्या, पलंग जमिनीला ठोकून बसवलेला, आणि भिंतींवर फाटका पिवळा कागद. तिनं काही लिहायचं नाही, कसला विचार करायचा नाही, फक्त आराम करायचा आणि खायचं. ती चोरून लिहिते. तेच चोरटं लिखाण म्हणजे ही कथा.

या नवऱ्यात खलनायकाचं काहीही नाही, आणि कथेची खरी धार इथे आहे. तो तिला उचलून जिना चढवतो, उशाशी बसून वाचून दाखवतो, 'माझी वेडुली' अशा लाडाच्या शब्दांनी हाक मारतो. फक्त तिचं एकही वाक्य तो खरं धरत नाही. मला बरं वाटत नाही, असं ती म्हणाली की तो म्हणतो, तुझा रंग सुधारलाय, भूकही वाढलीय, मी डॉक्टर आहे, मला कळतं. आपण लवकर बऱ्या होत नाही याचं एक कारण आपला नवरा डॉक्टर आहे हेच असावं, असं ती एकदा लिहून जाते. लगेच पुढे म्हणते, हे कुणा जिवंत माणसाला सांगणार नाही, पण हा कागद निर्जीव आहे. ऐकणारं माणूस उरलं नाही म्हणून ती कागदाशी बोलते. मग भिंतीवरचा कागदच तिच्याशी बोलू लागतो. नक्षीआड तिला एक बाई दिसते, वाकून सरपटणारी, गज हलवणारी.

लहानपणी आमच्या नात्यातली एक मावशी बाळंतपणाला माहेरी आली होती. मधली काळोखी खोली, खिडकीला गोधडी, शेगडी, ओवा-शेपांची धुरी. आपल्याकडची बाळंतिणीची खोली आणि त्या कथेतली खोली एक नव्हेत, हे मला माहीत आहे. आपल्याकडे बाळंतिणीभोवती बायांचा राबता असतो, आणि थकल्या शरीराला सव्वा महिना विसावा मिळावा ही त्यामागची समज चांगलीच आहे. पण मावशी म्हणत होती, मला ओसरीवर बसू द्या, इथे जीव घुसमटतो. उत्तर ठरलेलं होतं: बाळंतवारा लागेल. काही दिवसांनी तिनं बोलणंच सोडलं. बाळाकडे बघेना. मग तिच्या उशाशी बसून, तिच्या देखत, मंडळी म्हणू लागली, 'तिला काय कळतंय!' पुढे बऱ्याच काळानं एका मानसोपचारतज्ज्ञाच्या गोळ्यांनी ती सावरली. मी मोठी झाल्यावर तिनं मला सांगितलं, त्या महिन्यात कोण काय बोललं ते तिला शब्दन् शब्द आठवतं. 'द यलो वॉलपेपर' मी त्यानंतर वाचली, आणि ती परदेशातली, परक्या काळातली गोष्ट आहे असं मला कधी वाटलं नाही.

गिलमन यांनी हे कल्पनेतून रचलं नव्हतं. मुलीच्या जन्मानंतर त्या खोल नैराश्यात गेल्या, आणि १८८७ साली फिलाडेल्फियाला डॉक्टर सायलस वेअर मिचेल यांच्याकडे उपचारासाठी दाखल झाल्या. मिचेल त्या काळातले नामांकित मज्जातंतूतज्ज्ञ, 'रेस्ट क्युअर' म्हणजे विश्रांती-उपचाराचे जनक. १८७७च्या 'फॅट अँड ब्लड' या पुस्तकात त्यांनी ही पद्धत मांडली होती: सहा ते आठ आठवडे अंथरूण, घरच्यांपासून दूर, भरपूर दूध आणि स्निग्ध आहार, मालिश, विजेचे सौम्य झटके. सुरुवातीला तर उठून बसायचं नाही, वाचायचं नाही, शिवायचं नाही, परिचारिका भरवील ते खायचं. जाण्याआधी गिलमन यांनी आपल्या आजाराची हकीकत तपशीलवार लिहून त्यांना पाठवली होती. त्या लांब पत्रातून बाईंचा अहंकार तेवढा दिसतो, असं मिचेल यांचं मत पडलं. रोग्यानं दिलेली रोगाची साक्ष दप्तरी दाखल झाली, पण लक्षण म्हणून. घरी पाठवताना सल्ला असा: शक्य तितकं घरगुती आयुष्य जगा, मूल सतत जवळ ठेवा, बौद्धिक काम दिवसाला दोन तास, आणि जन्मात पुन्हा लेखणी, कुंचला, पेन्सिल हातात धरू नका. गिलमन यांनी तो सुमारे तीन महिने पाळला आणि त्या पुऱ्या कोसळण्याच्या काठावर आल्या.

मिचेल यांना नुसते खलपुरुष करून चालणार नाही, कारण त्यांची दुसरी बाजू मला अधिक अस्वस्थ करते. अमेरिकी यादवी युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांवर त्यांनी उपचार केले. नसलेला पाय दुखतो, नसलेल्या हाताची बोटं आवळली जातात, असं ते सैनिक सांगत. मिचेल यांनी ते ऐकून घेतलं, लिहून ठेवलं आणि 'फँटम लिंब' म्हणजे आभासी अवयव हे नाव वैद्यकात रुजवलं. इतकंच नव्हे, जुलै १८६६च्या 'अटलांटिक मंथली'त त्यांनी 'द केस ऑफ जॉर्ज डेडलो' नावाची गोष्ट निनावी छापली. दोन्ही हात आणि दोन्ही पाय गेलेल्या एका लष्करी डॉक्टरचं ते आत्मकथन. त्यात डेडलो म्हणतो, आपण खरोखर जॉर्ज डेडलोच आहोत ना, असं कुणाला तरी सारखं विचारावंसं वाटायचं, पण हा प्रश्न किती वेडगळ दिसेल हे ठाऊक असल्यानं मी गप्प राहिलो. अनेक वाचकांना ती सत्यकथा वाटली आणि काहींनी त्याच्यासाठी मदतीचे पैसेही पाठवले. शेवटी एका प्रेतात्म्यांच्या बैठकीत त्याचे कापलेले पाय क्षणभर परत येतात. कुठल्याही अंगानं बघा, ही गॉथिक लघुकथा आहे.

म्हणजे ज्या माणसानं नसलेल्या पायाच्या वेदनेवर विश्वास ठेवला, 'मी मीच आहे का' हा प्रश्न ओठांवर अडकून राहण्याची घुसमट स्वतः लिहून काढली, त्याला समोर बसलेल्या बाईचं पत्र ऐकू आलं नाही. हे अज्ञानातून झालं असं म्हणायला जागा नाही. मनानं थकलेले पुरुषही त्यांच्याकडे येत. ओवेन विस्टर या तरुणाला त्यांनी १८८५ साली वायोमिंगला धाडलं, मोकळ्या माळावर, घोड्यांत आणि गुराख्यांत. त्या प्रवासांत विस्टरनं रोजनिशी लिहिली आणि पुढे त्यातूनच 'द व्हर्जिनियन' ही गाजलेली कादंबरी उभी राहिली. थकलेल्या पुरुषाला घोडा आणि वही, थकलेल्या बाईला पलंग आणि दूध. आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. गिलमन यांची कथा आधी ज्या मासिकाकडे गेली ते 'अटलांटिक मंथली'च होतं. संपादक होरेस स्कडर यांनी ती परत पाठवली. मी स्वतः जितका दुःखी झालो तितकं इतरांना केलं तर मला स्वतःला क्षमा करता येणार नाही, असं त्यांनी कळवलं. डेडलोच्या कापलेल्या पायांनी वाचकांना दुःख होईल अशी काळजी त्या मासिकाला २४ वर्षांपूर्वी पडली नव्हती.

माडीवरची ती मुलांची खोली अमेरिकेच्या न्यायालयीन इतिहासातही आहे. इलिनॉय राज्याच्या १८५१च्या कायद्यानं नवऱ्याला जाहीर सुनावणीशिवाय बायकोला वेड्यांच्या इस्पितळात टाकता येत होतं. एलिझाबेथ पॅकार्ड या सहा मुलांच्या आईला तिच्या धर्मोपदेशक नवऱ्यानं १८६० साली असं टाकलं. तिचा मुख्य अपराध, धर्माच्या बाबतीत तिची मतं त्याच्याहून वेगळी होती. तीन वर्षांनी सुटून ती घरी आली, तेव्हा त्यानं तिला मुलांच्या खोलीत कोंडलं आणि खिडक्या खिळ्यांनी ठोकून टाकल्या. तिनं बाहेर पोचवलेल्या एका चिठ्ठीमुळे प्रकरण कोर्टात गेलं. जानेवारी १८६४मध्ये ज्युरीनं ती शहाणी असल्याचा निवाडा द्यायला सात मिनिटं घेतली.

आणि ज्या १८८७ साली गिलमन फिलाडेल्फियात झोपून होत्या, त्याच वर्षी नेली ब्लाय ही तरुण बातमीदार वेडाचं सोंग घेऊन न्यूयॉर्कच्या ब्लॅकवेल्स आयलंडवरच्या इस्पितळात शिरली. आत गेल्यावर तिनं सोंग टाकून दिलं. ती अगदी रोजच्यासारखी बोलू-वागू लागली. तिनं लिहून ठेवलंय, मी जितकी शहाण्यासारखी बोलले तितकी त्यांना वेडी वाटले. दहा दिवसांनी तिच्या वृत्तपत्रानं तिला सोडवून आणलं. तिथल्या इतर बायांना वृत्तपत्र नव्हतं.

मला वाटतं, गॉथिक कथेच्या रूपातच ही अडचण पकडण्याची ताकद आहे, कारण ती बहुधा 'मी' म्हणून बोलते आणि त्या 'मी'वर विश्वास ठेवावा का, हे ठरवण्याचं ओझं वाचकावर टाकते. अमेरिकी लेखक एडगर अॅलन पो यांची 'द टेल-टेल हार्ट' ही कथा जानेवारी १८४३ची. तिचा निवेदक पहिल्या ओळींपासून विचारतो, तुम्ही मला वेडा का म्हणता? बघा, किती शांतपणे मी सगळं सांगतो आहे. आणि मग गिधाडासारख्या डोळ्यापायी एका म्हाताऱ्याला मारल्याची हकीकत सांगतो. त्याच महिन्यात लंडनमध्ये डॅनियल मॅक्नॉटन यानं पंतप्रधान पील यांचे सचिव ड्रमंड यांच्यावर गोळी झाडली. ड्रमंड मरण पावले. मॅक्नॉटन वेडाच्या कारणावरून सुटला आणि गदारोळ झाला. त्यातून, वेडाच्या भरात केलेल्या गुन्ह्यासाठी माणसाला जबाबदार धरावं का हे ठरवणारे जे मॅक्नॉटन नियम तयार झाले, त्यांच्या आधारावर आपल्या भारतीय दंड संहितेचं कलम ८४ उभं राहिलं. आज ते भारतीय न्याय संहितेचं कलम २२ आहे. कथेचा आणि खटल्याचा एकमेकांशी संबंध नव्हता, पण प्रश्न एकच होता. कोर्टाला त्याचं उत्तर हो किंवा नाही असं द्यावं लागतं. कथेला ते टांगतं ठेवता येतं.

पोंचा निवेदक खुनी आहे, म्हणून त्याच्यावर अविश्वास ठेवणं आपल्याला सोपं जातं. वेड म्हणजे धोका, हे समीकरण अशा कथांनीही घट्ट केलं, ही कार्यकर्त्यांची तक्रार इथे मी मान्य करते. पण त्याच पोंनी १८४५ साली दक्षिण फ्रान्समधल्या एका वेड्यांच्या इस्पितळाची गोष्ट लिहिली. तिथे आलेला पाहुणा रात्रभर जेवणाच्या टेबलावर बसतो, आणि यजमान हेच रोगी आहेत, डॉक्टर-रखवालदार तळघरात कोंडलेले आहेत, हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. ज्याच्या हाती किल्ल्या तो शहाणा, एवढंच त्याच्यापाशी मोजमाप असतं.

फ्रेंच लेखक गी द मोपासाँ यांनी तर हा प्रश्न दोनदा लिहिला. 'ल ओर्ला' या कथेच्या १८८६च्या पहिल्या रूपात एक डॉक्टर आपल्या रोग्याला सहकाऱ्यांपुढे आणतो. रोगी आपली हकीकत सांगतो: न दिसणारं कुणीतरी घरात आहे, रात्री पाणी पितं, छातीवर बसतं. शेवटी डॉक्टर कबूल करतो की हा माणूस वेडा आहे की आपण दोघंही, हे मला सांगता येत नाही. पुढच्याच वर्षी मोपासाँ यांनी ती नव्यानं लिहिली. डॉक्टर कथेतून गेला, सहकारी गेले. उरली ती रोग्याची रोजनिशी. मला हा बदल फार मोठा वाटतो. पहिल्या रूपात आपण डॉक्टरांच्या रांगेत खुर्चीवर बसलेलो असतो. दुसऱ्यात खुर्चीच नाही. स्वतः मोपासाँ जानेवारी १८९२मध्ये, म्हणजे गिलमन यांची कथा छापून आली त्याच महिन्यात, गळा कापून घेण्याच्या प्रयत्नानंतर पॅरिसच्या पासी भागातल्या डॉक्टर ब्लांश यांच्या रुग्णालयात गेले आणि दीड वर्षानं तिथेच वारले.

आता एक धोका, आणि तो मी गांभीर्यानं घेते. या कथा वाचून कुणी म्हणेल, बघा, आजार वगैरे काही नसतो, डॉक्टरच माणसाला वेडं करतात. 'द यलो वॉलपेपर'चं असं वाचन होतं. ते चुकीचं आहे आणि जिवावर बेतू शकतं. गिलमन यांचं नैराश्य खरं होतं. बाळंतपणानंतरचा सायकोसिस, म्हणजे भ्रम आणि भास होणारा तीव्र मानसिक आजार, दर हजारात एकदोन बायांना होतो आणि तेव्हा तातडीनं रुग्णालय गाठावं लागतं. त्यात वाट बघणं आईला आणि बाळाला दोघांनाही घातक आहे. माझ्या मावशीला गोळ्यांनीच उठवलं. कथेतल्या बाईलाही उपचार हवाच होता. तिला जो मिळाला त्यात तिचं ऐकणं हा भाग नव्हता. गिलमन यांना देव्हाऱ्यात बसवायचीही गरज नाही. स्थलांतरितांबद्दल आणि कृष्णवर्णीयांबद्दल त्यांनी पुढे जे लिहिलं ते वाचवत नाही. आपलं ऐकून घ्या म्हणणाऱ्या बाईला दुसऱ्या कितीतरींचा आवाज ऐकू आला नाही. त्यांची कथा वाचून मिचेल यांनी आपली पद्धत बदलली असं त्यांनी १९१३ साली लिहिलं, पण त्याला दुजोरा देणारा पुरावा अभ्यासकांना सापडलेला नाही. त्याच लेखात त्यांनी दोन डॉक्टरांच्या प्रतिक्रिया नोंदवल्या आहेत. बॉस्टनच्या एकानं म्हटलं, असलं लिहूच नये, वाचून कुणीही वेडं होईल. कॅन्ससच्या दुसऱ्यानं लिहिलं, वेडाच्या सुरुवातीचं इतकं अचूक वर्णन आपण कुठे वाचलं नव्हतं. तो दुसरा डॉक्टर माझ्या मनात राहून गेला आहे. त्यानं गोष्ट साक्ष म्हणून वाचली.

हे सगळं आज का काढायचं? कारण आपल्या कायद्यानं हाच प्रश्न विचारायला घेतला आहे आणि आपली घरं अजून मागे आहेत. १९१२च्या लूनसी अॅक्टपासून, म्हणजे वेडाबाबतच्या इंग्रजी अमदानीतल्या कायद्यापासून, निघून आपण २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यापर्यंत आलो. तो २९ मे २०१८पासून लागू आहे. त्याचं कलम ४ सांगतं की एखाद्यानं आपल्या उपचाराबद्दल घेतलेला निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून त्याला निर्णयक्षमता नाही असं ठरत नाही. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ती खालची, गुलाबांची खोली आठवली. कलम ५ प्रमाणे माणूस बरा असताना लिहून ठेवू शकतो की आजारपणात माझ्यावर कोणते उपचार करा आणि कोणते नको. म्हणजे लेखणी पुन्हा रोग्याच्या हातात. कलम २१ म्हणतं, उपचार घेणाऱ्या आईपासून तिचं तीन वर्षांखालचं मूल सहसा वेगळं करू नये.

आणि घरं? भांडणात शेवटचा पत्ता म्हणून 'हिच्या डोक्यावर परिणाम झालाय' असं अजून म्हटलं जातं. लग्न मोडायचं असलं की जुन्या औषधांच्या चिठ्ठ्या बाहेर निघतात. मूल झाल्यावर रडणाऱ्या मुलीला 'सगळ्यांनाच होतं' म्हणून गप्प करतात, आणि ती गप्प झाली की 'आता शांत आहे' म्हणतात. डॉक्टरकडे नेलं तरी लक्षणं सासू किंवा नवरा सांगतो, आणि ती भिंतीकडे बघत बसते. ही सवय कायद्याच्या एखाद्या कलमानं मोडेल असं मला वाटत नाही. ती मोडायला ऐकणाऱ्याला काही काळ त्या भिंतीकडे तिच्या डोळ्यांनी बघावं लागतं, आणि ते काम या कथा करतात. म्हणून महाविद्यालयांत त्या 'वेडाच्या भयकथा' म्हणून उरकू नयेत. परिचारिकांच्या आणि डॉक्टरांच्या शिक्षणात त्या असाव्यात, आणि शिकवताना वर्गाला एकच प्रश्न विचारावा: हिच्यावर विश्वास ठेवणं तुम्ही कोणत्या ओळीला सोडलंत? माळ्यावरच्या वेडीचे भयपट काढणाऱ्यांनाही मी हेच म्हणेन, कॅमेरा दाराच्या आतल्या बाजूला लावून बघा.

गिलमन यांच्या कथेच्या शेवटी बाईनं खोलीला आतून कुलूप घातलं आहे आणि किल्ली खिडकीतून खाली टाकली आहे. नवरा दार बडवतो, ओरडतो, कुऱ्हाड मागवतो. ती अगदी मऊ आवाजात सांगते की किल्ली पुढच्या पायऱ्यांशी, प्लँटेनच्या पानाखाली पडली आहे. हे आपलं केळीचं पान नव्हे; प्लँटेन म्हणजे तिकडच्या अंगणात उगवणारं एक साधं तण. तो क्षणभर गप्प होतो. मग म्हणतो, दार उघड गं माझी लाडकी. ती म्हणते, मला नाही उघडता येत, किल्ली खाली पानाखाली आहे. ती तेच पुन्हा सांगते, हळू, शांतपणे, पुष्कळ वेळा, इतक्या वेळा की शेवटी त्याला खाली जाऊन बघावं लागतं. किल्ली तिथेच असते.